दहा पसंतीक्रम आणि एक ओटीपी

शेलूबाजारच्या चौकातून कुठंही जाता येतं. एक रस्ता अकोल्याला, त्याच्या समोरचा मंगरुळपीरला, एक कारंज्याला आणि एक मालेगावला. तेवढ्यानं भागेना म्हणून की काय, ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि गावाजवळच त्यावर चढाउतरायची सोय झाली. एवढे रस्ते ज्या गावाला आहेत, तिथं पोराला अकरावीला कुठं घालायचं हा प्रश्न खरं तर पडूच नये.

माझ्या वेळी पडला नव्हता. वडिलांनी मला एसटीत बसवलं, कंडक्टरला म्हणाले, "भाऊ, या पोट्ट्याले कॉलेजपाशी उतरवून देजा," आणि माझं करिअर ठरलं. कंडक्टरनं जिथं उतरवलं तिथं कॉमर्सची रांग होती. म्हणून मी कॉमर्सचा. त्यानं बेल जरा उशिरा मारली असती तर आज मी डॉक्टरही असतो. सध्या चौकाजवळ माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे.

आमच्या चिरंजिवांची दहावी २०२५ ची. परीक्षा १७ मार्चला संपली. त्या दिवशी त्यानं भूगोलाचं पुस्तक माळ्यावर अशा जोरात फेकलं, की वरून मांजर खाली आलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा उन्हाळा नीटसा लागलासुद्धा नव्हता. मग दोन महिने राजेशाही होती. दहाला उठायचं, विहिरीवर पोहायला जायचं, दुपारी कूलरसमोरची जागा अडवायची, लाईन गेली की "काय गाव आहे" म्हणत आंब्याखाली जायचं, संध्याकाळी वखरलेल्या वावरात ढेकळांवरून टप्पा खाणारा चेंडू खेळायचा आणि आऊट झालं की ढेकळाला दोष द्यायचा. रसाळीच्या पंगतीत रस किती वाट्या प्यायला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही, कारण ठेवणारे स्वतःच वाटीत बुडालेले होते.

१३ मे ला निकाल लागला. पोराला बरे मार्क पडले. बरे म्हणजे, गावात पेढे वाटता येतील एवढे. पण पेढा हातावर ठेवताना आकडा जरा हळू आवाजात सांगावा, एवढे. आणि त्या दिवसापासून सुट्टीचे शेवटचे दिवस सुरू झाले. शेवटचे दिवस म्हणजे मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे.

या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्याकडे लग्न जुळत नसलेला माणूस, मोडलेला पाय आणि दहावी झालेलं पोरगं, या तिघांविषयी कुणालाही, कधीही, काहीही बोलायची मुभा असते. पोरगा दुकानात दूध द्यायला आला, तरी वही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक वही विसरून त्याच्याकडे वळायचं.

"काय राज्या, काय घेतलं?"

"दूध."

"तसं नाई रे बाप्पा. अकरावीले काय घेतलं?"

पोरगा "सायन्स" म्हणाला, तर "जमन का तुले?" आणि "अजून ठरलं नाही" म्हणाला, तर "मंग दोन महिने काय करून रायला?" एकदा त्यानं वैतागून "आर्ट्स" म्हणून पाहिलं. तेव्हा त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही घरात कुणी गेलंय आणि मी दुकान उघडं ठेवून बसलोय.

सल्ल्यांनाही आमच्या गावात चार दिशा आहेत. अकोल्याच्या रस्त्याकडून येणारा माणूस 'नीट' म्हणतो. त्याच्या मते तोष्णीवाल लेआउटमध्ये खोली करून दिली आणि पोराला सकाळी पाच ते रात्री दहा ट्युशनमध्ये ठेवलं, की दोन वर्षांनी डॉक्टर घरी येतो. मालेगावकडून येणारा 'डिप्लोमा' म्हणतो. कारंज्याकडून येणारे बहुधा माझ्या बहिणीच्या सासरचे असतात. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान तिथलं, त्यामुळे पोरगा कारंज्याला शिकला तर रोज गुरुमंदिरात जाईल आणि सुधारेल, असा त्यांचा भरवसा. (त्यांचा स्वतःचा मुलगा गुरुमंदिराच्याच गल्लीत राहतो. त्याच्याविषयी बोलू नये.) आणि मंगरुळपीरचा माणूस फक्त विचारतो, "घरून जाणं-येणं करन का?" हा एकच प्रश्न कामाचा होता. म्हणूनच त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

त्यातले एक गृहस्थ तर फारच पुढचे निघाले. म्हणाले, "कॉलेजात नुसतं नाव टाकून ठेवा. हजेरीची कटकट नाई. शिकणं ट्युशनमध्ये."

"मग कॉलेज कशाला?"

"बारावीच्या परीक्षेले बसाले."

"आणि ट्युशन?"

"नीटले बसाले."

"मग शाळेत पोरगं बसते कधी?"

ते म्हणाले, "बसतेच ना थो. दिवसभर बसूनच असते."

सकाळचा वेगळा त्रास. आमच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची पोरं धावत असतात. शेजारच्या काकांनी सुचवलं, की सुट्टीच आहे तर यालाही पाठवा. सोळाशे मीटरची सवय आतापासून लागलेली बरी. पहिल्या दिवशी पोरगा धावत गेला आणि चहाच्या टपरीपर्यंत पोचून तिथं स्थिरावला. उरलेलं अंतर तो रोज मोबाईलवर धावायचा. पुढे त्याचा वेग नव्हे, पण चहाची उधारी वाढली, तेव्हा हा उपक्रम मीच बंद केला.

आता मुख्य संकटाकडे येतो. २०२५ पर्यंत अकरावीचं ऑनलाइन केंद्रीय प्रवेशाचं प्रकरण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतं होतं. आमच्याकडे पद्धत सरळ होती. टीसी हातात घ्यायची, मार्कशीटची झेरॉक्स जोडायची, कॉलेजच्या खिडकीशी जायचं, "साहेब जेवाले गेले" हे ऐकायचं, साहेब जेवून आले की प्रवेश. त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्राची अकरावी एका संकेतस्थळावर आली. मुंबईच्या पोराला आणि शेलूबाजारच्या पोराला एकच अर्ज. समानता अशी एकदम अंगावर आली.

अर्ज २१ मे ला सुरू होणार होते. मी सकाळीच पोराला घेऊन सेतू केंद्रावर गेलो. तिथं अर्ध्या तालुक्यातली दहावी जमलेली होती आणि प्रत्येकाबरोबर एक बाप, एक काका आणि एक प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत सगळं आयुष्य: जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार. एका बापानं तर सातबारा आणि गुरांच्या लसीचं कार्डही आणलं होतं. म्हणाला, "मागतलं त?"

सेतूवाल्या पोरानं बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. आम्ही सगळे त्या चक्राकडे बघत बसलो. चक्र फिरतंय म्हणजे काम चाललंय, असं एका काकांचं म्हणणं. दुपारपर्यंत चक्र तेच, काका तेच. संध्याकाळी बातमी आली, की राज्यभरच संकेतस्थळ बंद पडलंय. आमच्या गावचं नेट पहिल्यांदाच निर्दोष सुटलं. याचा सेतूवाल्याला एवढा आनंद झाला, की त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

नवी तारीख मिळाली २६ मे. योगायोग बघा, त्या वर्षी मान्सूनही घाईत होता. २४ मे ला केरळात, २६ मे ला मुंबईत, आणि तिथून पुढे दमून बसला. मृग लागला तरी आमचं आभाळ कोरडंच. मान्सून आणि संकेतस्थळ, दोघंही मे महिन्यात मोठ्या गाजावाजानं आले आणि दोघांनीही वऱ्हाडातल्या माणसाला जूनभर वर बघत ठेवलं.

२१ तारखेला घरी परतल्यावर बायको म्हणाली, "अजी, झाला का फॉर्म?"

"चक्र फिरलं."

"मग?"

"मग थांबलं."

"म्हणजे झाला का नाई?"

या प्रश्नाचं उत्तर त्या महिन्यात महाराष्ट्रात कुणाकडे असेल, असं मला वाटत नाही.

२६ तारखेला संकेतस्थळ चाललं. आता अर्जाचे दोन भाग. पहिल्यात पोराची माहिती, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती. पहिल्या भागातच गाडी अडली. आधारवरच्या नावात एक अक्षर कमी होतं, मार्कशीटवरच्या नावात एक जास्त. सरासरी काढली तर नाव बरोबर होतं. पण संगणकाला सरासरी कळत नाही. ते निस्तरेपर्यंत सेतूवाला ओरडला, "काका, मोबाईल नंबर सांगा, ओटीपी येते!"

माझ्या मोबाईलची बॅटरी सकाळपासून चक्र बघून संपली होती. पोराचा मोबाईल त्याची आई कपाटात ठेवून बसली होती, कारण दहावीनंतर मोबाईल द्यायचा नाही, असं घरात ठरलं होतं. (तो रोज कुणाच्या मोबाईलवर धावत होता, हे मी अजून विचारलेलं नाही.) शेवटी माझे वडील, म्हणजे घरचे आबाजी, बाजूला बसून सगळं कौतुकानं बघत होते, त्यांनी बंडीच्या खिशातून आपला बटणांचा मोबाईल काढला. "घ्या माह्या नंबर. नातवासाठी देतो." सगळ्यांना भरून आलं. आबाजींचा नंबर अर्जात गेला. ओटीपी आला, सेतूवाल्यानं टाकला, पासवर्ड ठरला. पासवर्ड काय ठरला ते त्यानं एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि ती चिठ्ठी मी जपून ठेवली. कुठं ठेवली, ते पुढे येईलच.

राहिली पसंती. एक ते दहा कॉलेजांचे क्रम देता येत होते. दहा हा आकडा कुणी ठरवला मला माहीत नाही, पण त्या माणसाला नातेवाईक बरेच असावेत. कारण त्या रात्री आमच्या घरी सभा भरली, प्रत्यक्ष आणि फोनवर मिळून, आणि दहा पसंतीक्रम लग्नातल्या मानपानासारखे वाटले गेले. वाशीमचे साडू फोनवर म्हणाले, १ जुलै १९९८ पासून वाशीम स्वतंत्र जिल्हा आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी एकसुद्धा पसंती नसणं बरं दिसत नाही. अकोल्याच्या साळ्यानं तीन जागा राखून ठेवल्या. कारंज्याच्या बहिणीला एक दिली नसती तर रक्षाबंधन अवघड झालं असतं. आबाजी म्हणाले, "मंगरुळपीर टाका, जवळ हाय." त्यांच्याकडे सगळ्यांनी मोठ्या माणसाच्या बोलण्याकडे बघतात तसं आदरानं दुर्लक्ष केलं. धाकटी म्हणाली, "दादाले मुंबईले पाठवा." तिला त्याची कूलरसमोरची जागा हवी होती.

"तुला कुठं जायचंय?" हे पोराला विचारायचं राहिलंच होतं. विचारलं तर म्हणाला, "मित्र जिथं टाकतील तिथं." मित्रांना विचारलं. ते म्हणाले, "हा जिथं टाकंल तिथं." चौघंही पोरं त्या दिवसांत एकमेकांकडे बघत बसलेली असायची, समृद्धीच्या पुलावर. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, त्यामुळे आमच्या पोरांना समृद्धीचा एवढाच उपयोग: वरून कोणती गाडी जाते ते ओरडून सांगायचं आणि हरलेल्यानं समोसा द्यायचा. ताशी १२० नं जाणाऱ्या गाडीचं मॉडेल ओळखणाऱ्या पोराला विज्ञान जमेल का, असं लोक मला विचारत होते!

दुसऱ्या दिवशी सभेचा कागद घेऊन आम्ही पुन्हा सेतूवर. तेवढ्यात साळ्याचा फोन आला, की अकोल्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या कॉलेजची अदलाबदल करा. मग साडूंचा. मग बहिणीचा, नुसताच रडवेला. इकडे सेतूवाला घड्याळाकडे बघत होता. "काका, सेशन संपून रायलं. लॉगआउट होते. पहिलं कोणतं टाकू?" मी एका कानाला मोबाईल लावून दुसऱ्या हातानं 'थांब' अशी खूण केली. त्यानं ती 'टाक' अशी घेतली. पडद्यावर जे कॉलेज वर होतं, ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ते मंगरुळपीरचं होतं. आबाजी एका बाजूला बसून पान लावत होते. काही बोलले नाहीत.

मग वाट पाहणं सुरू झालं. ५ जूनला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर ते मुंबई हे ७०१ किलोमीटर आठ तासांत होऊ लागलं. आमचा अर्ज आदल्याच आठवड्यात शेलूबाजारहून निघाला होता. तो मंगरुळपीरला कधी पोचतो याची आम्ही वाट बघत होतो.

रिकामं पोरगं घरात दिसणं हे वऱ्हाडातल्या घराला सोसत नाही. सगळ्यांना त्याच्यासाठी कामं सुचू लागली. आईनं गच्चीवर राहिलेल्या कुरडया राखायला बसवलं. कावळ्यांपेक्षा यानंच जास्त खाल्ल्या. मी त्याला वावरात तुरीची धसकटं वेचायला पाठवलं. तो टोपलं घेऊन गेला आणि धसकटांचे स्टंप करून खेळला. मग आबाजींनी त्याला बियाणं मोजायला लावलं. आमच्याकडे घरचं सोयाबीन पेरायचं तर आधी उगवण बघतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं.

पोरानं उलगडून मोजलं. "आबाजी, सदुसष्ट."

आबाजींनी मान हलवली. "नाई चालत."

"सदुसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास आहे, आबाजी!"

"राज्या, तुह्या शाळेत पस्तीसवर पास करते. वावर नाई करत."

ते ऐकून माझ्या दुकानात बसणारे एक निवृत्त गुरुजी दोन दिवस गप्प होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुणवत्ता यादीचं प्रकरण आलं. नाव बरोबर आलं का, मार्क बरोबर चढले का, ते आत शिरून बघायचं होतं. पासवर्डची चिठ्ठी मी ज्या शर्टाच्या खिशात जपून ठेवली होती, तो शर्ट बायकोनं त्याहून जपून धुतला होता. सेतूवाला म्हणाला, काही हरकत नाही, पासवर्ड विसरलात तर नवा घेता येतो. ओटीपी येईल.

"कुणाच्या मोबाईलवर?"

"आबाजीच्या."

आबाजी घरी नव्हते. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी आमच्या भागातून जाते. आबाजी दरवर्षी मालेगावला दर्शनाला जातात आणि संध्याकाळी परततात. या वर्षी सकाळीच गेले होते. फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सेतूवाला म्हणाला, यादीतल्या चुका सांगायची मुदत लवकरच संपते. मी दुकान पोराच्या ताब्यात दिलं आणि मोटारसायकल काढली.

मालेगावात पोचलो तर रस्ता दिसत नव्हता. पांढरी टोपी, पांढरी बंडी, पांढरं धोतर, कपाळाला गंध. मी शंभरेक आबाजींना मागून हाक मारली. त्यातल्या अनेकांनी वळून "माउली" म्हणत नमस्कार केला, दोघांनी मला प्रसाद दिला, आणि एकानं "बस बाळा, दमला दिसतो" म्हणून पंगतीत बसवलं. पंगतीतून उठता येत नाही, उठलं तर अन्नाचा अपमान. पोटभर जेवून मी पुन्हा शोधायला लागलो. कुणीतरी सांगितलं, शेलूबाजारचे म्हातारे ना, ते पालखीबरोबर पुढं चालत गेले, शिरपूरच्या वाटेनं.

गाठले शेवटी. आबाजी एका झाडाखाली पाय चेपत बसले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की ओटीपीचं नाव काढायला माझी जीभ रेटेना.

"आबाजी, फोन बंद काऊन?"

"देवाच्या वाटंवर फोन कायले?"

फोन पिशवीतून निघाला, प्रसादाच्या लाह्यांतून. सुरू केला. मी सेतूवाल्याला फोन लावला, त्यानं बटण दाबलं, आबाजींच्या फोनवर टिंग वाजलं. आबाजींनी चष्मा शोधला. चष्मा दुसऱ्या पिशवीत. मी वाचायला फोन घेतला तर उन्हात पडद्यावर काही दिसेना. शेजारच्या एका वारकऱ्यानं टोपीची सावली धरून आकडे वाचले, पण त्यांना इंग्रजी सहा आणि नऊ यांत फरक करायची सवय नव्हती. सेतूवाल्यानं टाकलेला पहिला ओटीपी चुकला. दुसरा येईपर्यंत वेळ संपली. तिसरा आला तेव्हा नेट गेलं. चौथा आला आणि लागला. यादीत नाव बरोबर होतं, मार्क बरोबर होते, चूक काहीच नव्हती. सेतूवाला फोनवर म्हणाला, "काका, नसतं पाहिलं तरी चाललं असतं."

आबाजी त्या दिवशी परत आले नाहीत. म्हणाले, "आता निंघालोच हाय त रिसोडपर्यंत जातो."

"आणि ओटीपी आला तर?"

"तू ये."

१६ जूनला उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा उघडल्या. विदर्भातलं ऊन सरकारलाही मान्य असल्यामुळे आमच्या शाळा नेहमीच मागाहून उघडतात. त्या वर्षी २३ जूनला उघडल्या. धाकटी नवा गणवेश घालून, दादाकडे हसत बघून, शाळेत गेली. आणि पहिल्यांदाच मी एका मोठ्या पोराला शाळेकडे हेव्यानं बघताना पाहिलं. त्या दुपारी त्यानं माळ्यावर चढून भूगोलाचं पुस्तक खाली काढलं. मला वाटलं, आता वाचतो. तो त्याच्यावर डबा ठेवून जेवला. पण काढलं तर खरं.

मित्रांशीही बिनसायला लागलं होतं. समोसे संपले होते, गाड्यांची मॉडेलं पाठ झाली होती. एका संध्याकाळी म्हणाला, "बाबा, पुन्हा दहावीलाच बसलो तर?" केस कसे कापायचे यावर न्हाव्याच्या दुकानात तासभर चर्चा चालायची; कॉलेजला जाताना कसे पाहिजेत ते ठरवून तो कापून आला, तारीख पुढे गेली, केस वाढले, पुन्हा कापले. त्या पावसाळ्यात न्हाव्याला माझ्या दुकानापेक्षा चांगला सीझन मिळाला. नवी बॅग तर एवढे दिवस खिळ्याला टांगली होती, की पालीनं तिच्यात घर केलं.

कॉलेज मिळाल्याची पहिली यादी २६ जूनला येणार होती. ती २८ ला आली. राज्यात सहा लाखांहून जास्त पोरांना त्या फेरीत कॉलेज मिळालं. आमच्या पोराला पहिल्याच पसंतीचं मिळालं. नियम असा, की पहिली पसंती मिळाली तर तिथंच प्रवेश घ्यायचा, मागं फिरायचं नाही. मंगरुळपीर. अकोल्याच्या साळ्यानं आठ दिवस फोन उचलला नाही. साडूंनी उचलला, पण 'बरं' एवढंच म्हणाले. बहिणीची समजूत राखी घेऊन मीच काढली.

३० जूनला प्रवेश सुरू झाले आणि मी पोराला घेऊन एसटीनं निघालो. बस ज्या फाटकापाशी थांबली ते मी ओळखलं. कंडक्टरनं मला उतरवलं होतं तेच. खिडकीही तीच, फक्त तिला आता जाळी लागली होती. आत बसलेल्या बाबूंना मी सगळी हकीगत सांगितली: चक्र, सेशन, पालखी, पहिली पसंती. त्यांनी शांतपणे कागद घेतले, शिक्का मारला.

"आमच्या इथं जागा रिकाम्याच असतात हो," ते म्हणाले. "पयलेसारखं निकालाच्या दुसऱ्या दिवशी आले असते त इथंच भेटलं असतं."

ते चूक बोलत नव्हते. त्या वर्षी अकरावीच्या जागा राज्यात एकवीस लाखांच्या आसपास होत्या आणि पास झालेली पोरं चौदा लाखांच्या वर. म्हणजे पोरांपेक्षा खुर्च्या लाखांनी जास्त. तरीही संगीत खुर्चीसारखं सगळा महाराष्ट्र जीव मुठीत धरून धावत होता.

"मग कॉलेज उद्यापासून?" पोरानं विचारलं. इतक्या उत्सुकतेनं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच शिक्षणाविषयी काही विचारलं होतं.

बाबू हसले. "अजून फेऱ्या बाकी हायेत ना. सगळ्याईचं होऊ द्या."

ऑगस्ट उजाडला तरी फेऱ्या चालूच होत्या. सोयाबीन गुडघ्याला लागलं, पोराला मिशी फुटली, आणि मग वर्ग सुरू झाले. सुरू होऊन श्वास घेतो न घेतो तोच २२ ऑगस्टला पोळा आला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि २७ ला गणपती बसले. पोरगा सध्या कॉलेजच्या सुट्ट्यांची यादी माझ्याच दुकानातल्या वहीत लिहून काढतो. अक्षर सुधारलंय.

ज्यांच्या घरात पुढच्या वर्षी दहावी आहे, त्यांना माझा सल्ला सायन्स की कॉमर्स याविषयी नाही. तो द्यायला चौकात बरेच लोक आहेत. फक्त अर्ज भरताना मोबाईल नंबर विचारतील, तेव्हा घरातल्या ज्या माणसाची देवावर सगळ्यात कमी श्रद्धा आहे, त्याचा नंबर द्या. आणि तो कुठं बाहेर जाणार असेल, तर जाऊ देऊ नका.